पक्षी स्थलांतराचा खेळ : आठ महिन्यांनंतर, आणि ती चक्री

मुलांनी पक्षी होऊन मैदानावर तळ्यातळ्यांतून उडायचं, असा हा खेळ. सरळ त्याच्या चक्रीवर येतो : टिचकी मारून ती फिरवायची, ज्या घरावर थांबेल ते संकट पक्ष्यांवर. जूनमध्ये पदरचे १,८५० रुपये घालून शाळेसाठी हा खेळ घेतला. नोव्हेंबरात चक्रीचा प्लास्टिकचा खिळा झिजला, ती एका अंगाला कलली आणि दर वेळी ‘तळं आटलं’ याच घरावर थांबू लागली. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, ही तिथंच थांबायली!”

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणे खेळण्यांना वॉरंटी नसते. मग डबा उघडतानाचा व्हिडिओ मागितला, जूनमधला! शेवटी नवी चक्री ४५० रुपये, कुरिअर वेगळं. एका खिळ्यापायी! मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून २० रुपयांत जुनं बेअरिंग आणलं, मधोमध ठोकलं. आता टिचकी मारली की भिंगरीसारखी फिरते.

एवढं मनाला लागलं, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. मैदानाच्या एका टोकाला मंगोलिया, दुसऱ्याला आपला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, मध्ये फोमच्या चकत्या म्हणजे तळी. एका चकतीवर दोनच पक्षी. शिट्टी झाली की उडायचं, जागा मिळाली नाही तो मेला. कोणती तळी उचलायची ते चक्री ठरवते. ती एकाच घरावर अडली की विजेच्या तारा, शिकाऱ्यांचे फासे, विषारी फवारणी पोरांपर्यंत पोचतच नाहीत.

सुरुवातीला माझा राग वेगळाच होता : बाद झालेली मुलं नुसती बसून राहायची. ते मत मागे घेतो. आता तीच मुलं दर फेरीला किती पक्षी उरले ते फळ्यावर मांडतात. ३२ वरून ९ वर उतरलेली रेघ पाहून एका दुपारी अख्खा वर्ग गप्प झाला होता.

खेळातल्या संकटांच्या पत्त्यांत मात्र पक्षी आपटून मरतात त्या काचेच्या उंच इमारतीच फार. आमच्या पोरांनी त्या कुठं पाहिल्यात? ते पत्ते काढून नायलॉन मांजा घातला. त्यावर २०१७ पासून बंदी आहे, तरी संक्रांतीला, पाहुणे पक्षी इथं असतानाच, तो झाडाझाडावर लोंबतो. पट्टकदंब झालेला मुलगा त्या पत्त्यावर बाद झाला. हा पक्षी ७,००० मीटरपर्यंत उंचीवरून उडू शकतो, हे त्याला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. रडवेला होऊन म्हणाला, “हिमालय वलांडून आलो अन् दोऱ्यात अडकून मेलो व्हय सर?”

आणखी एक चूक : खेळात पाणी वाढलं की चांगलंच. खरं तर धरण काठोकाठ भरलं की रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतवारांसारख्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला उथळ चिखल राहत नाही. पाणी ओसरू लागलं की तो उघडा पडतो. म्हणून ‘धरण तुडुंब’ असा पत्ता केला : बदकं राहतात, लांब पायांचे पुढं उडतात.

घ्यायचा असेल तर घ्या. पहिल्याच दिवशी चक्री खोला आणि ८ मिलिमीटर भोकाचं बेअरिंग बसवून टाका.