मानसशास्त्रज्ञाकडची पहिली भेट: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी नाशिकमध्ये एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जायला लागले, अजूनही जाते. तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी जणींनी बाजूला घेऊन विचारलं, "पहिल्या दिवशी नक्की काय करतात गं?" म्हणून सविस्तर लिहितेय. पहिल्याच भेटीत मोकळं वाटेल अशी आशा धरून जाऊ नका. त्या दिवशी मुख्यतः विचारपूस होते. पण पुढचं सगळं त्या विचारपुशीवर ठरतं, म्हणून तिला मनापासून वेळ द्या.

माझा त्रास असा: रात्री दचकून जाग यायची, छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच मानसशास्त्रज्ञाला दाखवा म्हणून सांगितलं. हे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची नावं सोबत न्या. थायरॉइड बिघडला तरी धडधड आणि चिडचिड होते, त्यामुळे मॅडमनी आधी तेच पाहिलं.

जाण्याआधी आपण कोणाकडे चाललोय ते नीट बघा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देतात. सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो नंबर बिनदिक्कत विचारा. मी विचारला, मॅडमनी लगेच दाखवला. त्याआधी मी दुसरीकडे एका समुपदेशकांकडे गेले होते. तिथे दहा मिनिटांत "मुलाकडे बघा, देवाचं नाव घ्या" असा उपदेश सुरू झाला, माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. परत त्या दारात गेले नाही. पहिल्याच दिवशी कोणी उपदेश करायला लागलं तर तुम्हीही दुसरं माणूस शोधा.

मॅडमकडे आधी फॉर्म होता: नाव, वय, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. मग त्यांनी गुप्ततेबद्दल सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तो हक्कच दिला आहे. अपवादही त्यांनी स्पष्ट केले: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर त्यांना गप्प बसता येत नाही. नवरा सोबत आला होता, त्याला बाहेर बसायला सांगितलं. शेवटी मला विचारून, माझ्या होकारानंतरच, थोडा वेळ आत बोलावलं. हे मला फार आवडलं.

प्रश्न मात्र पुष्कळ. झोप, भूक, पाळी, बँकेतलं काम, सासर-माहेर, लहानपण. एका कागदावर त्या घरच्यांची आकृती काढत होत्या, पुरुषांना चौकोन आणि बायकांना वर्तुळ. कोणाला असा त्रास होता का, असं विचारल्यावर मी सहज म्हटलं, आत्या फार घाबरट होती, एकटी एसटी स्टँडवरसुद्धा जायची नाही. मॅडमनी तिच्या वर्तुळाभोवती आणखी एक रेघ ओढली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मला तेव्हा त्यात काहीच वाटलं नाही.

मग सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" मी दचकले. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मनात तसं येत असेल तर खरं सांगा. हो म्हटलं म्हणून लगेच भरती करतात असं नाही, काळजी कशी घ्यायची ते तुमच्यासोबत बसून ठरवतात.

चिंता किती आहे ते मोजणारी एक छापील प्रश्नावली भरून घेतली, जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. माझे १५ आले, म्हणजे चिंता तीव्र. नुसत्या आकड्यावरून निदान करत नाहीत, हे मॅडमनी आवर्जून सांगितलं. घड्याळी तास भरला तेव्हा मी पार थकले होते. त्या दिवशी अर्धी रजा टाका.

खरं काम नंतर सुरू झालं. मॅडम विवेकनिष्ठ पद्धतीने शिकवतात, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. त्यासाठी मला वही घालायला लावली: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, दुसऱ्या बाजूने विचार केला तर काय. पहिल्याच पानावर आहे: "कॅश टॅली झाली नाही, पन्नास रुपयांचा फरक. आता नोकरी जाणार. घशाला कोरड." शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते मला कितीतरी दिवस सुचतच नव्हतं.

आणि मग आत्याचा विषय परत आला. धडधड होईल या भीतीने मी लिफ्ट, गर्दीचा बाजार, एकटीने बस, सगळं टाळत चालले होते. मॅडमनी पहिल्या दिवशीचा तो कागद काढून समोर ठेवला, आत्याही असंच टाळायची. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आणखी मुरते, हे तेव्हा मला पटलं. मग थोडंथोडं करत गेले. आधी नवऱ्यासोबत रविवार कारंजा या गजबजलेल्या चौकापर्यंत, मग एकटी. आता सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकावरून, एकटी बस पकडते. गेल्या महिन्यात तीच प्रश्नावली पुन्हा भरली, ६ आले.

न आवडलेलं म्हणजे खर्च. दर सेशनला बाराशे आमच्या घरात जाणवतात. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा असं २०१७ चा कायदा सांगतो, पण माझी पॉलिसी दवाखान्यात भरती झालं तरच पैसे देते. तुमची तपासून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मी आता महिन्यातून एकदा जाते. बँकेत मार्च एंडला कामाचा रेटा असतो आणि माझा त्रास तेव्हाच उसळतो, म्हणून तोवर बंद करायचं नाही असं मॅडमनी आणि मी मिळून ठरवलंय.