लायकेन स्क्लेरोसस: मलम चालू ठेवायचं की प्रकाशोपचार घ्यायचे?

योनीमुखाची त्वचा पांढरी, सिगारेटच्या कागदासारखी सुरकुतलेली, रात्री झोप उडवणारी खाज, बारीक चिरा. निदान लायकेन स्क्लेरोसस (त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह) झालं असेल, तर पहिला उपचार आजही क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडचं ०.०५ टक्के मलम हाच आहे. प्रकाशोपचाराचा विचार त्यानंतरचा.

‘मलमाने फरक पडला नाही’ असं वाटत असेल तर आधी ट्यूब पाहा. नेहमीचा क्रम असा: ४ आठवडे रोज रात्री, पुढचे ४ आठवडे एक रात्र सोडून, मग ४ आठवडे आठवड्यातून दोनदा. एका वेळी तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एकूण ५० वेळा, २५ ग्रॅम. तीन महिन्यांनी ३० ग्रॅमची ट्यूब अर्धी भरलेली असेल, तर मलम हरलेलं नाही, कमी लावलं गेलंय. स्टेरॉइडच्या भीतीने हे फार होतं. आरशात न पाहता लावलं तर ते भलत्याच जागी जातं, हेही तितकंच खरं.

प्रकाशोपचारांपैकी फोटोडायनॅमिक उपचारात अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिडचा लेप काही तास झाकून ठेवतात. पेशी त्यापासून प्रकाशाला संवेदनशील द्रव्य बनवतात आणि ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की तिथे ऑक्सिजनचे तीव्र क्रियाशील रेणू तयार होतात. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने काही बैठका लागतात. खाज बऱ्याच जणींची कमी होते, पण अभ्यास लहान आहेत आणि त्रास परतूही शकतो. खरी अडचण वेदनेची: प्रकाश सुरू होताच आग होते, ती कधी इतकी वाढते की दिवा मध्येच थांबवावा लागतो. भूल, थंड हवा आणि दिवा थांबवण्याची सोय याबद्दल आधीच विचारा. नंतर काही दिवस सूज राहते, लघवीला झोंबतं.

अतिनील ए-१ किरणांची मलमाशी थेट तुलना झाली आहे. खाज कमी करण्यात मलमच सरस ठरलं, शिवाय किरणांसाठी आठवड्यातून अनेक खेपा. त्यात वेळ घालवावा असं आम्हाला वाटत नाही. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसरची जाहिरात जोरात असते. पण खोट्या (प्रत्यक्ष उपचार न देणाऱ्या) लेसरशी तुलना केलेल्या चाचणीत, नुसत्या लेसरने त्वचेच्या नमुन्यात ठोस सुधारणा दिसली नाही.

म्हणून मलम तीन महिने नीट लावूनही खाज टिकली, किंवा मलम सोसतच नसेल, तरच फोटोडायनॅमिक उपचार निवडा. चिकटलेले योनीओष्ठ किंवा अरुंद झालेलं योनीमुख कुठल्याही प्रकाशाने पूर्ववत होत नाही. खाज थांबली तरी आठवड्यातून एक-दोनदा मलम चालू ठेवावं, कारण नियमित वापराने व्रण आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. न भरणारी जखम, जाड खरखरीत चट्टा किंवा गाठ दिसली, तर प्रकाशोपचाराची तारीख पुढे ढकला आणि आधी बायोप्सी करून घ्या.