गाओकाओचं इंग्लिश रीडिंग: जुने पेपर सोडवायचे की मासिकं वाचायची?

इकडे चीनमधल्या सुझोउला राहणाऱ्या आपल्या लोकांवर ही वेळ कधी ना कधी येतेच, शेजारचे काका लिफ्टमध्ये गाठतात, तुम्ही इंडियन, तुमचं इंग्लिश चांगलं, जरा आमच्या मुलीचं रीडिंग बघता का. गेलात की टेबलावर दोन ढीग. एक जुन्या पेपरांचा, दुसरा परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्सचा, त्याला इकडे वायखान म्हणतात. आणि आई विचारते, यातलं काय करू दे?

आधी गाओकाओचा, म्हणजे इकडच्या बारावीनंतरच्या कॉलेज प्रवेश परीक्षेचा, पेपर बघून घ्या. इंग्लिश 150 मार्कांचं, त्यात रीडिंग 50. चार उतारे, 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, वर एका उताऱ्यातल्या पाच रिकाम्या जागा सात वाक्यांतून भरायच्या, त्याही अडीच अडीचच्या. निगेटिव्ह मार्किंग नाही.

जुने पेपर म्हणजे शुआथी, सोडवत सुटायचं. फायदा आहे, नाही कशाला म्हणू, वेळेचा अंदाज येतो आणि प्रश्न काढणाऱ्याची खोड कळते. पण शेजारची मुलगी काय करायची बघा, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की तोच शब्द असलेला पर्याय ठोकायचा. आणि नेमका तोच चुकीचा! बरोबर पर्यायात बऱ्याचदा तीच गोष्ट वेगळ्या शब्दात फिरवून लिहिलेली असते, आणि उताऱ्यात 'मोस्ट' असेल तर सापळ्यातल्या पर्यायात गुपचूप 'ऑल'. शंभर पेपर सोडवून ही सवय जात नाही, उलट मुरते. एका संध्याकाळी एकच उतारा घेऊन चारही पर्यायांना 'हे का नाही' असं तिच्याकडून वदवून घेतलं, तासभर गेला, पण पुढच्या आठवड्यात फरक दिसला.

रिकाम्या जागांचं मात्र पेपरावरच बसतं, मासिक वाचून नाही. 'दिस' कोणाबद्दल, 'हाउएव्हर'च्या आधी उलटं काय म्हटलंय, हे धागे पकडायचे. एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की दुसऱ्याची जागा अडते, पाच मार्क गुल.

वायखानचं म्हणाल तर गाओकाओचे उतारेही बरेचदा ब्रिटिश-अमेरिकन पेपर-मासिकांतूनच घेऊन सोपे केलेले असतात, त्यामुळे लांबलचक वाक्यांची भीती जाते. पण सोपं न केलेलं आर्थिक मासिक दहावी झालेल्या पोराच्या हातात देऊ नका, ओळीला चार शब्द अडले की ते वाचन नसतं, डिक्शनरी उघडझाप असते (आणि आई खूश, मुलगी किती कठीण वाचते म्हणून).

माझं मत, गाओई म्हणजे दहावीला असेल तर मासिकं पण सोपी केलेली, आणि महिन्यातून एखाददुसरा पेपर. गाओसानला म्हणजे बारावीला असेल तर पेपर, कारण जूनपर्यंत वेळच नसतो.

तरी अडलंच तर असं करा, चुकलेला उतारा डिक्शनरी देऊन, घड्याळ न लावता परत सोडवायला द्या. आता बरोबर आला तर शब्द आणि स्पीड कमी पडतोय, वाचन वाढवा. तरीही चुकला तर मासिकं ठेवा बाजूला आणि त्या चार पर्यायांवर तिच्याशी भांडायला बसा.