आरटीएक्स ३०६० (१२ जीबी): देवगडच्या खाऱ्या हवेत ११ महिने

देवगडात माझं छोटं डिझाइनचं दुकान आहे. मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांची लेबलं, गणपतीआधी फ्लेक्स, आणि अलीकडे वाढलेलं काम म्हणजे होमस्टेचे थ्रीडी व्ह्यू. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, अंगणात तुळस, मागे समुद्र. २०२३ च्या दिवाळीपर्यंत हे सगळं जीटीएक्स १०५० टीआय या ग्राफिक्स कार्डावर चालायचं. ४ जीबीचं, ७५ वॅटचं, वेगळी पॉवर केबलही न मागणारं गुणी कार्ड. ते बिघडलं म्हणून बदललं नाही. एका गिऱ्हाइकाने "मागे वाडी दिसू दे, चाळीसेक माड तरी हवेत" म्हटलं आणि ब्लेंडरने (थ्रीडी चित्रं बनवायचं माझं सॉफ्टवेअर) कार्डाची मेमरी संपल्याचा मेसेज तोंडावर फेकला.

बजेट २५ हजारांच्या आसपास. एएमडीचं आरएक्स ७६०० स्वस्त होतं आणि गेमसाठी मी तेच घेतलं असतं. पण ब्लेंडरने डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत ओपनसीएल ही एएमडी कार्डांना कामाला लावणारी जुनी सोय काढून टाकली, तेव्हापासून एएमडीवर रेंडर, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढण्याचं काम, एचआयपी या नव्या सोयीमार्फत होतो. चालतो, पण ३०६० बनवणाऱ्या एनव्हीडियाच्या ऑप्टिक्स या तशाच सोयीचा वेग मला सोडवेना. इंटेलच्या आर्क ए७७० ची १६ जीबी पाहून मन डळमळलं होतं. मात्र ते २२५ वॅट ओढतं आणि बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्याचा वेग पडतो. माझा बोर्ड आठव्या पिढीच्या आय फाइव्हचा, त्यात ती सोय नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यापासून त्यात वापरलेली कार्डंही ढिगाने विकायला आली होती. पण मुंबईतलं जुनं कार्ड देवगडात बसून कसं पारखायचं?

शेवटी उरली दोन. २०२१ चं ३०६०, १२ जीबी, १७० वॅट. आणि २०२३ चं ४०६०, ८ जीबी, ११५ वॅट. तेव्हाचे व्हिडिओ बघाल तर सगळे ४०६० म्हणत होते. मी जुनं घेतलं. वर मशीनचा पॉवर सप्लायही ४५० वॅटचा काढून ५५० चा बसवावा लागला. दुकानात बसलेल्या शेजारच्या आबांनी किंमत विचारली आणि म्हणाले, "एवढ्याशा डब्याक पंचवीस हजार? तेवढ्यात माझा नवा जाळा इला असता!"

मेमरीचा हिशोब सोपा आहे, पण कुणी सांगत नाही. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर (भिंतीवर, कौलांवर चढवायचं चित्र), प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. डिस्कवर त्याची जेपीजी पाच एमबीची असली तरी रेंडरच्या वेळी कार्डात ते उलगडूनच जातं. चिरा, कौल, शेणाचं अंगण, लाकूड अशी दहा मटेरियल्स, प्रत्येकाची रंग, खडबडीतपणा वगैरेंची चार टेक्स्चर्स धरली की अडीच जीबी तिथेच गेले. माड अजून लागलेच नाहीत. माडाची तर गंमतच आहे. एकेका झावळीची पाती वेगळी करून मी एक झाड बनवलं आणि शिफ्ट-डीने, म्हणजे दर वेळी नवी स्वतंत्र प्रत काढून, चाळीस वेळा छापलं, मग कार्ड रडणारच. तेच ऑल्ट-डीने, म्हणजे मूळ झाडाला जोडलेल्या प्रती काढून, केलं तर चाळीसही माड एकाच झाडाच्या मेमरीत भागतात. हे आधी कळलं असतं तर कदाचित जुन्यावरच आणखी वर्ष काढलं असतं.

कणकवलीतल्या एका मित्राकडे ४०६० आहे. तोच सीन दोन्हीकडे चालवून पाहिला. नुसतं घर आणि अंगण असेल तर माझ्याकडे चार मिनिटांना होणारी फ्रेम त्याच्याकडे तीनच्या आसपास झाली, तेही कमी विजेत आणि कमी आवाजात. वाडी चालू केली, कापडं, भांडी, पाण्याचा पृष्ठभाग आला, मेमरी दहा जीबीकडे गेली आणि पारडं फिरलं. कार्डात न मावलेला माल मशीनच्या रॅममध्ये जातो आणि त्याची ये-जा बोर्डावरच्या कार्डाच्या स्लॉटमधून होते. ४०६० स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. माझ्यासारख्या जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० बोर्डावर ती वाट आणखी निम्मी झाली असती.

फ्लेक्सवाल्यांनी मात्र यातलं काही ऐकू नये. कोरलड्रॉमध्ये दिवसभर काम करताना टास्क मॅनेजरमध्ये माझं कार्ड झोपलेलं दिसतं. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला फोटोशॉपमध्ये उघडलात तर छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके) एक पूर्ण लेअर सहाशे एमबीच्या घरात जातो. वाढदिवसाच्या शुभेच्छुकांचे पंधरा चेहरे त्यावर चढवायचे तर रॅम लागते. मी १६ जीबीची ३२ केली, गणपतीच्या गर्दीत खरा फरक त्याने पडला.

गेमबद्दल मी बोलणं म्हणजे कोळणीने भाजीचा भाव सांगणं. पण मे महिन्यात भाचा मुंबईहून येतो आणि खुर्ची सोडत नाही. १०८० पी मॉनिटरवर व्हॅलरंटला हे कार्ड जास्तच आहे. सायबरपंक डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करायची एनव्हीडियाची युक्ती) लावून छान चालतो. एनव्हीडियाचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच रचून घालणं) ४०च्या सीरिजपासून पुढेच आहे, यावरून त्याने मला "मामा, तू जुना माल घेतलास" हे दोन आठवडे ऐकवलं.

आता पावसाळा. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात वीज गेली, रेंडर चालू होता, यूपीएसने एक किंकाळी मारली आणि सगळं बंद. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो. कार्डाचे १७०, प्रोसेसर, मॉनिटर आणि सप्लायची गळती धरली की काठावरच, त्यात बॅटरी दोन वर्षांची. उपाय फुकटात मिळाला. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली. कार्ड सव्वाशे-एकशेतीस वॅटमध्ये राहतं, रेंडरला थोडाच वेळ जास्त लागतो, पंख्याचा आवाजही उतरला. तेव्हापासून वर नेलीच नाही.

खरा शत्रू वीज नाही, मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि आमच्याकडे जुलैत ती त्याखाली येते कधी? बोर्डावर बसलेली खारी धूळ ओली होते. हलकं काम असताना कार्डाचे पंखे थांबतात, तेव्हा तिथे वाराही फिरत नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी, फ्लेक्सच्या ऐन घाईत, पडदा काळा. कार्ड काढलं तर मागची पट्टी तांबूस गंजलेली आणि स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी दातांवर मळकट साय. शाळेचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, तासभर सुकू दिलं, बसवलं. लागलं. वॉरंटीचा कागद काढून वाचला तर गंज त्यात बसतच नाही. म्हणजे समुद्रापासून दोनशे मीटरवर राहणाऱ्याने तीन वर्षांची वॉरंटी कशाच्या जोरावर मोजायची?

आमच्याकडे भजनाच्या पेटीच्या कपाटात पावसाळ्यात शून्याचा बल्ब लावून ठेवतात, भाते कुबट होऊ नयेत म्हणून. मीही रविवारी दुकान बंद असलं तरी मशीन तासभर चालू ठेवतो आणि पंखे कमी वेगाने सतत फिरते केलेत. त्यानंतर पडदा गेलेला नाही.

या दोनांतलंच निवडायचं झालं आणि तुमचा बोर्ड नवा असेल, काम घराच्या आतल्या व्ह्यूंचं आणि बाकी गेमिंग असेल, तर ४०६० घ्या, विजेचं बिलही वाचेल. मोठे सीन असतील तर १२ जीबीच्या खाली उतरू नका. नुसतं कोरल असेल तर रॅम घ्या आणि उरलेल्या पैशांतून चांगला यूपीएस. पट्टीचे गंजलेले स्क्रू बदलायला मी बंदरावरच्या होडीच्या सामानाच्या दुकानात स्टेनलेसचे मागितले होते, पण आटे जुळले नाहीत. सध्या जुन्यांनाच शिलाई मशीनचं तेल लावून ठेवलंय.