नागोयाचा कातडीचा दवाखाना: गुण आला, पण चिठ्ठीचा नियम डोक्यात गेला

आधी तक्रार लिहितो, कारण राग अजून उतरलेला नाही. जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी चारच दिवस चालते, तीही लिहिल्याचा दिवस धरून. मध्ये शनिवार-रविवार आला तरी मुदत वाढत नाही. पाचव्या दिवशी कागद रद्दी. आपल्याकडे घामानं शाई फुटलेली जुनी चिठ्ठीही चालते, नसली तरी चालतं. आमचं औषध त्याच दिवशी मिळालं म्हणा, पण राग तो राग.

लेक-जावई नागोयाला असतात. त्यांच्याकडे जाताना कमरेवरचं आणि जांघेतलं गजकर्ण सोबत नेलं. केळीच्या बागेत ओल्या कपड्यांनी दिवस काढणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला हे दुखणं नवं नाही. गावच्या मेडिकलमधली ट्यूबही सोबत होती. लावली की खाज गायब, सोडली की दुप्पट.

जावईबापू ऑफिसला, लेक बाळात अडकलेली, म्हणून आत एकटाच गेलो. जपानी शून्य. काउंटरवर प्रश्नांचा कागद हातात दिला. मोबाईलचा कॅमेरा धरला की अक्षरं मराठी होतात, पण निम्मं डोक्यावरून जातं. कागदावर माणसाचं चित्र छापलेलं होतं, त्यावर जांघेत गोल काढला आणि मोकळा झालो. पुढे डॉक्टर बाई निघाल्या, तिथे मात्र जरा अवघडलो.

बाईंनी बोथट पात्यानं चट्ट्याच्या कडेची खपली खरवडली. मधली नाही, कडेचीच. काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्यानं कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी उरते. तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली धरून मलाही बघायला लावलं. फिकट, फांद्या फुटलेले दोरे. जळगावला आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. कुणी खरवडलं नाही, टेबलापलीकडूनच बघून लिहून दिलं.

मग माझी ट्यूब मागितली. घटक इंग्रजीत छापलेले: क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. बाईंनी क्लोबेटासोलवर पेनाचं टोक टेकवलं आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. ते कडक स्टेरॉइड. खाज दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं.

औषधाचं दुकान वेगळं, शेजारी. तिथे एक छोटी वही देतात, दिलेल्या औषधाची चिकटपट्टी तीत लावतात. मला मिळालं ल्युलिकोनाझोल, म्हणजे बुरशी मारणारं मलम, दहा ग्रॅमची चिमुकली ट्यूब. दिवसातून एकदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायची. विमा असलेल्याला साधारण तीस टक्केच भरावे लागतात; पाहुण्याला सगळे. दोन्हीकडचे मिळून साडेचार हजार रुपये गेले, तेही रोख.

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. जुनी ट्यूब बंद केल्यावर आग असली भडकली की रात्री उठून बसायचो. जावयासमोर मांडी खाजवायची सोय नाही, ते वेगळंच. वाटलं, पैसे पाण्यात. पण स्टेरॉइड सोडलं की असं उसळतं. नंतर चट्टे हळूहळू विझले, कातडी साफ झाल्यावरही लावत राहिलो. आता खानदेशातला अख्खा उन्हाळा गेलाय, परत उठलेलं नाही. चार तारे. पाचवा त्या चार दिवसांपायी कापला.

परत आल्यावर कळलं की ल्युलिकोनाझोल रावेरलाही मिळतं. साडेचार हजारांची आठवण होऊन पोटात कालवलं. हे औषध काढलं निहोन नोह्याकु या जपानी कंपनीनं, तिचा मूळ धंदा शेतीच्या औषधांचा. तुडतुड्यांवर आपण मारतो ते बुप्रोफेझिनही त्यांचंच. म्हणजे कंपनी घरचीच निघाली.

परवा मुलासाठी आणायला गेलो तर मेडिकलचा पोरगा म्हणतो, "काका, ही घ्या, लवकर गुण येतो," आणि तीच जुनी ट्यूब पुढे सरकवली. 2018 मध्ये सरकारनं असल्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, हे त्याच्या गावीही नाही. काउंटरवरच चांगली जुंपली. मुलाला आधी खरवडून तपासून घे म्हटलंय. रावेरला कोण करतं, माहीत असेल तर सांगा.