जीबीएस: आयव्हीआयजी की प्लाझ्मा बदल?

गुलेन बॅरी सिंड्रोमचं (जीबीएस; यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय कमजोर होतात) निदान झालं की नातेवाइकांपुढे लगेच प्रश्न येतो: आयव्हीआयजीची इंजेक्शनं द्यायची की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलायचा? भांबावणं साहजिक आहे.

परिणाम: हे आधी नीट लक्षात घ्या, दोन्ही उपचार सारखेच गुणकारी आहेत. महागडा तो जास्त चांगला, असं अजिबात नाही. एकापाठोपाठ दोन्ही दिल्याने फारसा जादा फायदा होत नाही, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. शिवाय इजा झालेला मज्जातंतू यातल्या कशानेही लगेच बरा होत नाही. प्रतिकारशक्तीचा हल्ला ओसरतो, मग ताकद परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. धीर धरावाच लागतो.

खटाटोप: आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं). वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस, साध्या सलाइनसारख्या. प्लाझ्मा बदलायला यंत्र, अनुभवी कर्मचारी आणि बहुतेकदा मोठ्या शिरेत नळी लागते.

धोके: पहिल्यात डोकेदुखी, क्वचित रक्ताची गुठळी किंवा मूत्रपिंडाला त्रास. दुसऱ्यात रक्तदाब घसरणं, नळीतून संसर्ग.

वेळ: दोन्ही लक्षणं सुरू झाल्यापासून शक्यतो पहिल्या २ आठवड्यांत सुरू व्हावेत; प्लाझ्मा बदल ४ आठवड्यांपर्यंतही उपयोगी पडतो.

लहान मूल असेल, रक्तदाब अस्थिर असेल किंवा प्लाझ्मा बदलण्याची सोय जवळ नसेल, तर आयव्हीआयजी. मूत्रपिंड कमकुवत असेल, पूर्वी गुठळी झाली असेल किंवा आयव्हीआयजी मिळत नसेल, तर प्लाझ्मा बदल. नुसत्या स्टेरॉइडवर मात्र थांबू नका. जीबीएसमध्ये त्यांचा उपयोग होत नाही.