पंप उतरवण्याआधी पाईप तपासणारा मिस्त्री

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटपासून जवळच, हायवेला लागून एक लहानसं डिझेल गॅरेज आहे. जुनी पिकअप ओढत नसेल तर खर्चात पडण्याआधी तिथे दाखवा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

माझी २०१७ ची बीएस-४ बोलेरो पिकअप, इंजिन २५२३ सीसी. वाशीला टोमॅटो उतरवून येताना किराण्याचं भाडं मिळालं, की माळशेज चढताना गाडी मरायची. तिसऱ्या गिअरवर घेतली की दम नाही, दुसऱ्यावर रांगायची, आणि मागे काळा धूर. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न बघताच डिझेल पंप, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असा साठ हजारांचा अंदाज दिला होता.

इथल्या मिस्त्रींनी आधी विचारलं, "धूर कसला? रिकाम्या गाडीला येतो का?" मग सांगितलं, डिझेल कमी पडत असतं तर धूर काळा झाला नसता. डिझेल पोचतंय, ते जाळायला हवा पुरत नाही. उभी गाडी एकसारखी चालतेय, म्हणजे नोझलकडे नंतर बघू. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. तरी तिथे थांबले नाहीत. कोड नाही म्हणून गाडी चांगली असं ते मानत नाहीत, आणि मला हे फार पटलं.

हवेचा फिल्टर धुळीने भरलेला होता, तो बदलला. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडलं, म्हणजे क्लच प्लेट घसरत नाही. त्यानंतर कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने टर्बोच्या लाईनमध्ये सोडून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरकडून (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाईपला खालच्या बाजूने, क्लिपच्या कडेला चीर होती. तिथून बुडबुडे निघाले. लोड आला, टर्बोचा दाब वाढला, की ती चीर फाकायची आणि दाबलेली हवा बाहेर जायची. भोवती तेलाची ओल धरली होती. ती वाकून बघितली असती तर कुणालाही दिसली असती.

एवढ्यावर गाडी सोडली नाही. मागची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघितली, तर डावं चाक जड. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. साफ करून सेटिंग केलं. नवा पाईप, क्लिपा, फिल्टर, मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. जुना पाईप चीर दाखवून माझ्या हातात दिला.

आता भरलेली गाडी माळशेज तिसऱ्यावर चढते, आणि धूर नाही.

उणीवही सांगतो. बसायला जागा नाही, बिल साध्या कागदावर मिळतं, आणि टोमॅटोच्या सीझनमध्ये पिकअपची एवढी रांग असते की दिवस मोडतो. नोझल किंवा पंपाचंच काम निघालं तर ते स्वतः उघडत नाहीत, पुण्याला पाठवतात.

गाडी दाखवायला नेताना रिकामी नेऊ नका. थोडा माल असू द्या; मिस्त्री स्वतः चालवून बघतात, आणि हा दोष लोडशिवाय जाणवत नाही.